तात्पर्याच्या आधीचा प्रश्न

गोष्ट हे संस्काराचे सर्वांत जुने आणि सर्वांत समर्थ साधन आहे, याविषयी दुमत असण्याचे कारण नाही. आजीच्या मांडीवर, मंदिराच्या ओट्यावर, बालशाखेच्या मंडलात आणि प्राथमिक शाळेच्या वर्गात पिढ्यान्‌पिढ्या गोष्टी सांगितल्या गेल्या. प्रश्न आहे तो गोष्ट संपल्यानंतरच्या दोन मिनिटांचा. सांगणारा क्षणभर थांबतो, आवाज किंचित उंचावतो आणि विचारतो, "मग तात्पर्य काय?" मुले एका सुरात सांगतात, "नेहमी खरे बोलावे." सांगणाऱ्याला समाधान वाटते आणि कार्यक्रम पुढे सरकतो. परंतु हे उत्तर मुलांनी त्या गोष्टीतून शोधले, की पूर्वी ऐकलेले एक वाक्य परत केले, हे तपासण्याची तसदी सहसा घेतली जात नाही. गोष्ट बदलली तरी उत्तराचा सूर तोच राहतो, यातच खरे काय ते कळून येते.

तयार तात्पर्य पाठ करणाऱ्या मुलाला गोष्ट आठवते, तात्पर्यही आठवते. मात्र प्रत्यक्ष प्रसंग समोर उभा ठाकला की त्या दोहोंचा उपयोग होत नाही. कारण जीवनातील प्रसंगांच्या शेवटी तात्पर्य छापलेले नसते. ते ज्याचे त्याला काढावे लागते, आणि तेही प्रसंग संपण्यापूर्वी. ज्या समाजाला विचारी नागरिक घडवायचे आहेत, त्याने आपल्या मुलांना गोष्ट ऐकवण्याबरोबरच गोष्टीशी झुंजायलाही शिकवले पाहिजे.

कथानक, सूत्र आणि तात्पर्य

वाचनशिक्षणाच्या शास्त्रात आज दोन कौशल्यांना विशेष महत्त्व दिले जाते. पहिले, पुढे काय घडेल याचा अंदाज बांधणे. दुसरे, गोष्टीचे सूत्र ओळखणे. ससा आणि कासवाच्या शर्यतीत कासव जिंकले, हे कथानक झाले. गर्व आणि सातत्य यांचा सामना, हे त्या कथेचे सूत्र. 'आळस करू नये' हे तात्पर्य. कथानक डोळ्यांसमोर असते. सूत्र मात्र ओळींच्या मागे असते आणि वाचणाऱ्याला ते हुडकावे लागते. तात्पर्य हा त्या सूत्रातून निघणारा निष्कर्ष होय. सूत्र न सापडताच मिळालेले तात्पर्य उसने असते आणि उसने धान्य बियाण्याच्या कामी येत नाही.

ही उणीव केवळ आपल्याकडचीच नाही. अमेरिकेतील अभ्यासक डोलोरेस डर्किन यांनी १९७८-७९ साली चौथीच्या वर्गांतील वाचनाच्या तासांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. शिक्षक मुलांना समजले की नाही हे वारंवार तपासत होते. परंतु समजून घ्यावे कसे, हे शिकवण्यात वेळेचा एक टक्काही खर्च होत नव्हता. पुढे १९८४ मध्ये ॲनमरी पॅलिन्सार आणि ॲन ब्राऊन यांनी सातवीतील, वाचता येणाऱ्या पण अर्थ न लागणाऱ्या मुलांवर एक प्रयोग केला. अंदाज बांधणे, प्रश्न विचारणे, अडलेले स्पष्ट करून घेणे आणि सार सांगणे या चार कृती मुलांनी आळीपाळीने शिक्षकाच्या जागी बसून करायच्या, अशी ती पद्धत होती. मुलांच्या आकलनात लक्षणीय सुधारणा झाली आणि ही पद्धत जगभर गेली.

भारतातील चित्र अधिक चिंताजनक आहे. ग्रामीण भागातील शिक्षणाचा आढावा घेणाऱ्या 'असर' अहवालानुसार, इयत्ता तिसरीतील ज्या मुलांना दुसरीच्या पातळीचा उतारा वाचता येतो, त्यांचे प्रमाण २०१८ मध्ये २७.३ टक्के होते. कोरोनाच्या संकटानंतर, २०२२ मध्ये, ते २०.५ टक्क्यांवर घसरले आणि २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांपर्यंत सावरले. म्हणजे तिसरीतील चारांपैकी सुमारे तीन मुले अद्याप अक्षरांच्या उंबरठ्यावरच अडखळत आहेत. आणि हा उतारा वाचता येणे ही पहिलीच पायरी आहे. जे मूल तो घडाघडा वाचते, त्याला त्यात काय म्हटले आहे आणि काय सुचवले आहे हे उमगले का, हा प्रश्न त्यापुढचा आहे.

झाडीपट्टीतील मूल

या दृष्टीने भंडारा जिल्ह्याकडे पाहणे उद्बोधक ठरेल. वैनगंगेच्या काठचा हा धानाचा प्रदेश 'तलावांचा जिल्हा' म्हणून ओळखला जातो. १ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे सात तालुके या जिल्ह्यात उरले. मालगुजारीच्या काळातील शेकडो तलाव आजही येथील शेतीचा आधार आहेत. या प्रदेशातील शेतकऱ्याचे घर म्हणजे अंदाज बांधण्याची पाठशाळाच होय. मृग लागला, ढग दाटले, पण पऱ्हे टाकायचे की अजून आठवडाभर थांबायचे? रोवणी आटोपली, परंतु तलावातील पाणी शेवटच्या बांधीपर्यंत पुरेल का? हे प्रश्न रोज घरात बोलले जातात. बाप जो अंदाज सांगतो तो हवेत बांधलेला नसतो. वाऱ्याची दिशा, पाळीला लागलेले पाणी, मागल्या वर्षीचा अनुभव अशा खुणांवर तो उभा असतो. आणि एखादी खूण बदलली की बाप अंदाजही बदलतो. पुराव्यावरून भाकीत आणि नव्या पुराव्यावरून दुरुस्ती, हेच तर वाचनशास्त्राला अपेक्षित आहे.

दिवाळीनंतर याच भागात गावोगावी मंडई भरते. दिवसा दंडार रंगते, रात्री नाटक उभे राहते आणि पहाटेपर्यंत आबालवृद्ध बसून असतात. नाटकातील खलनायकाचा डाव कोणता, तो कोणावर उलटणार, कोण कोणाला फसवतो आहे, यावर प्रेक्षकांत कुजबुज चालते. आईच्या पदराआड पेंगणारे मूलही मध्येच जागे होऊन विचारते, "मग काय झाला?" हा प्रश्न त्याला कोणी शिकवलेला नसतो.

असे मूल शाळेत येते आणि गोष्टीच्या तासाला गप्प का होते? त्याची दोन कारणे संभवतात. पहिले कारण भाषेचे. घरी ते झाडीबोली बोलते. तुमसर-मोहाडीच्या काही गावांत पोवारी बोलते. झाडीबोलीत 'ण'च्या जागी 'न' आणि 'ळ'च्या जागी 'र' येतो, हे डॉ. हरिश्चंद्र बोरकरांसारख्या अभ्यासकांनी सप्रमाण मांडले आहे. वर्गात मूल उत्साहाने आपला अंदाज सांगू लागते, त्यात 'डोळा'ऐवजी 'डोरा' येतो आणि वाक्य पूर्ण होण्याआधीच त्याचा उच्चार दुरुस्त केला जातो. वर्ग हसतो. त्या क्षणी मूल एक धडा पक्का शिकते, तो म्हणजे न बोलण्याचा. प्रमाण मराठी प्रत्येक मुलाला उत्तम यायलाच हवी, यात शंका नाही. परंतु आधी विचार ऐकावा आणि मग शब्द सुधारावा, हा क्रम पाळला गेला नाही तर विचारही जातो आणि शब्दही. जी बोली दंडारीचा भार शतकानुशतके पेलत आली, तिला एका गोष्टीचा अंदाज पेलणे अवघड नाही.

दुसरे कारण तयार उत्तराच्या सवयीचे. 'एका वाक्यात उत्तरे लिहा' या प्रश्नांची उत्तरे मार्गदर्शिकांत छापलेली असतात. शिकवणी वर्गात ती पाठ करून घेतली जातात. ज्याचे उत्तर आधीच ठरले आहे अशा प्रश्नासाठी डोके चालवण्याचे श्रम कोणतेही चाणाक्ष मूल घेणार नाही. बालभारतीच्या अलीकडच्या पुस्तकांत मुलांना स्वतः विचार करायला लावणारे मुक्त प्रश्न आले आहेत, ही स्वागतार्ह बाब होय. मात्र त्या मुक्त प्रश्नांचीही उत्तरे फळ्यावर लिहून दिली जाऊ लागली, तर पुस्तक बदलून काय साधणार?

परंपरेची साक्ष

ही पद्धत पाश्चात्त्य आहे, आपल्याकडे श्रद्धेने ऐकण्याचीच रीत होती, असा एक समज आहे. तो वस्तुस्थितीला धरून नाही. महिलारोप्याचा राजा अमरशक्ती याच्या तीन पुत्रांना विद्येची गोडी नव्हती. विष्णुशर्म्याने सहा महिन्यांत त्यांना नीतिशास्त्रात निपुण करण्याचे दायित्व स्वीकारले आणि त्यासाठी पंचतंत्राची रचना केली, अशी त्या ग्रंथाची कथा आहे. या ग्रंथाची बांधणी लक्षपूर्वक पाहावी. एक पात्र दुसऱ्याला सावध करते, की असे केलेस तर अमक्या प्राण्यासारखी तुझी गत होईल. दुसरे पात्र लगेच विचारते, ते कसे? आणि मग गोष्ट सुरू होते. शेवटाची चाहूल आधी दिली जाते, ऐकणाऱ्याचे मन त्या शेवटापर्यंतची वाट शोधू लागते आणि प्रत्येक वळणावर स्वतःचा अंदाज पडताळून पाहते. राजपुत्रांना विद्या आली ती या 'कसे'मधून.

वेतालपंचविंशतीची रचना याहून धीट आहे. वेताळ गोष्ट सांगतो आणि शेवटी तात्पर्याऐवजी प्रश्न टाकतो. यांपैकी दोषी कोण, श्रेष्ठ कोण, त्याग कोणाचा मोठा? राजाने निवाडा द्यायचा आणि त्याची कारणेही द्यायची. अखेरच्या कथेच्या प्रश्नावर राजाला उत्तर सापडत नाही, तो मौन राहतो आणि त्या मौनावर वेताळ प्रसन्न होतो. उत्तर ठाऊक नसताना ठाऊक असल्याचा आव न आणणे, हाही एक संस्कारच आहे. नारदीय कीर्तनातही पूर्वरंगात एखादा विषय मांडला जातो आणि उत्तररंगातील आख्यान त्या विषयाच्या कसोटीवर ऐकले जाते. सूत्र आणि कथा यांचे नाते उलगडण्याचे शिक्षण अक्षरशत्रू श्रोत्यालाही कीर्तनात मिळत होते.

भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे १९६९-७० साली झालेल्या उत्खननात प्राचीन स्तूपाचे अवशेष सापडले. तेथील शिल्पांत नागराज मुचलिंद आपला फणा उभारून आहे; खालचे आसन मात्र रिकामे आहे. बुद्धांची मूर्ती न घडवण्याचा तो काळ होता. पाहणाऱ्याने खुणांवरून ओळखायचे, की हे छत्र कोणावर धरले आहे. दोन हजार वर्षांपूर्वी वैनगंगेच्या काठी येणाऱ्या सामान्य यात्रेकरूवर शिल्पकाराने एवढा विश्वास टाकला होता. आज चौथीतील मुलावर तेवढाही विश्वास टाकला जात नसेल, तर परंपरेचा अभिमान कोणत्या तोंडाने मिरवावा?

मुंगसाचे रक्ताळलेले तोंड

ही पद्धत प्रत्यक्षात कशी असावी, यासाठी पंचतंत्रातीलच एक परिचित कथा घेता येईल. ब्राह्मणी पाण्याला जाते, ब्राह्मणही बाहेर पडतो. पाळण्यात मूल आणि सोबतीला मुंगूस. घरात साप येतो, मुंगूस त्याला ठार करते आणि रक्ताळलेल्या तोंडाने दारात येऊन उभे राहते. ब्राह्मणी परतते. बहुतेक ठिकाणी ही गोष्ट अशीच, सापासह, सलग सांगितली जाते आणि शेवटी 'अविचाराने वागू नये' हे तात्पर्य देऊन टाकले जाते.

याऐवजी सांगणाऱ्याने सापाचा प्रसंग मागे ठेवावा. ब्राह्मणी डोक्यावर घागर घेऊन दाराशी आली आणि तिला मुंगसाचे रक्ताने माखलेले तोंड दिसले, एवढेच सांगून थांबावे आणि विचारावे, काय घडले असेल? कोणी म्हणेल, त्याने बाळाला चावले. कोणी म्हणेल, त्याने उंदीर मारला. एखादा म्हणेल, साप आला असेल. प्रत्येकाला पुढचा प्रश्न एकच असावा, "कशावरून?" जो साप म्हणतो त्याला सांगावे लागेल, की मुंगसाचे आणि सापाचे वैर असते. जो बाळ म्हणतो त्याला मान्य करावे लागेल, की बाळ रडल्याचा आवाज गोष्टीत आलेला नाही. मग विचारावे, ब्राह्मणीने आता काय करावे? एक ना एक मूल म्हणतेच, "आधी आत जाऊन पाहावे." यानंतर पुढची गोष्ट सांगावी. ब्राह्मणी आत जात नाही, हातची घागर मुंगसावर टाकते. त्या वेळी वर्गात जी शांतता पसरेल, तिची जागा कोणतेही छापील तात्पर्य घेऊ शकणार नाही. कारण चूक कोठे झाली, हे मुलांना ती घडण्यापूर्वीच कळलेले असते.

सूत्राचा शोध त्यानंतर घ्यावा. ही गोष्ट मुंगसाची आहे, आईच्या प्रेमाची, की घाईची? तिन्ही उत्तरांना गोष्टीत आधार आहे आणि आधार दाखवता येईल तोवर तिन्ही ऐकून घ्यावीत. मात्र ज्या उत्तराला आधार नाही ते सौम्य शब्दांत बाजूला ठेवावे. सगळीच उत्तरे बरोबर, असे म्हणणे हाही आळसच होय. शेवटी मुलांना सांगावे, की ज्या तंत्रात ही कथा आहे त्याचे नाव 'अपरीक्षितकारक', म्हणजे न तपासता कृती करणारा. विष्णुशर्म्याने दिलेले सूत्र आणि आपण शोधलेले सूत्र एकच निघाल्याचा जो आनंद मुलांच्या चेहऱ्यावर दिसेल, तोच खरा बोध.

हे केवळ शाळेच्या वर्गापुरते नाही. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातील राईनपाडा येथे नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना, मुले पळवणारी टोळी समजून, जमावाने ठार मारले. १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवांनी पेटलेल्या जमावाच्या हाती बळी पडले. दोन्ही ठिकाणी जमावाने दारातले रक्ताळलेले तोंड पाहिले, आत जाऊन पाळणा पाहिला नाही. भगव्या वस्त्रांतील निष्पाप साधूंच्या हत्येने ज्यांचे अंतःकरण पिळवटले, त्यांनी हे ध्यानात घ्यावे, की अफवेवर विश्वास ठेवणारा जमाव एका रात्रीत तयार होत नाही. 'कशावरून?' हा प्रश्न लहानपणी कोणी विचारू दिला नाही, अशा माणसांचा तो बनतो. आज प्रत्येकाच्या खिशातील भ्रमणध्वनीवर दिवसाला वीस गोष्टी येतात आणि त्यांतील बहुतेकींचे तात्पर्य आधीच लिहिलेले असते. तो संदेश आपल्या बाजूचा आहे म्हणून तपासणीतून सुटतो, असेही होता कामा नये.

प्रश्नाने श्रद्धा ढळते काय?

मुलांना असे प्रश्न विचारू दिले तर वडीलधाऱ्यांचा आणि महापुरुषांचा आदर उरणार नाही, अशी शंका काही ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या मनात येते. ती प्रामाणिक असल्याने तिचा विचार व्हायला हवा. यासाठी छत्रपती शिवाजी महाराजांच्या आग्र्याहून सुटकेचाच प्रसंग पाहावा. शेवट सर्वांना ठाऊक असतो. मग अंदाज कसला बांधायचा? तरीही एक जागा अशी आहे, की तेथे थांबावे. १२ मे १६६६ रोजी महाराज औरंगजेबाच्या दरबारात गेले, अपमान झाला आणि निवासाभोवती पहारे बसले. अशा वेळी महाराजांनी आपल्यासोबतच्या सैन्याला दक्षिणेत परत पाठवण्याची परवानगी मागितली आणि बादशहाने ती आनंदाने दिली. कैदेत पडलेला सेनापती आपलेच सैन्य दूर का पाठवील? हा प्रश्न मुलांपुढे ठेवावा आणि पाच मिनिटे गप्प बसावे. सुटकेच्या वेळी इतक्या माणसांचा जीव धोक्यात येऊ नये, बादशहाला वाटावे की शिवाजी आता एकाकी पडला, पहारा सैल व्हावा, अशी एकेक कारणे मुलेच शोधून काढतील. १७ ऑगस्टला महाराज निसटतात तेव्हा त्यांना केवळ चमत्कार दिसणार नाही. त्यामागची तीन महिन्यांची योजना दिसेल. जयजयकाराने भरलेले मन आणि कारण उमगलेले मन, या दोहोंत टिकाऊ आदर कोणाचा, हे वेगळे सांगायला नको.

नचिकेत्याने प्रत्यक्ष यमाला प्रश्न विचारले आणि उपनिषदाने त्याला उद्धट ठरवले नाही. गीतेच्या अखेरीस भगवंतांनीही अर्जुनाला, सांगितलेल्या सर्व गोष्टींचा पूर्ण विचार करून मग इच्छेप्रमाणे वागण्यास सांगितले. श्रवणानंतर मनन आणि मननानंतर निदिध्यासन, हा आपला ज्ञानमार्ग आहे. मननाची पायरी गाळून श्रवणावरून थेट आचरणावर उडी मारण्याचा प्रयत्न आजवर यशस्वी झालेला नाही.

हाती घेण्याजोगे काम

राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० ने पाठांतराऐवजी आकलनावर भर दिला. ५ जुलै २०२१ रोजी सुरू झालेल्या 'निपुण भारत' अभियानाने, २०२६-२७ पर्यंत प्रत्येक मुलाला तिसरीअखेर अर्थ समजून वाचता यावे, असे लक्ष्य ठेवले. विद्या भारतीच्या शाळांत रुळलेल्या अधीती, बोध, अभ्यास, प्रयोग आणि प्रसार या पंचपदीला २०२२ च्या पायाभूत स्तराच्या राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखड्यातही स्थान मिळाले आहे. त्या पंचपदीत बोध दुसऱ्या क्रमांकावर आहे आणि बोध कोणी कोणाला देत नसतो, तो व्हावा लागतो. धोरण अनुकूल आहे, परंपरेचे बळ आहे. उरते ते घराघरांतील आणि वर्गावर्गांतील आचरण.

त्यासाठी फार मोठ्या सामग्रीची गरज नाही. संस्कारवर्ग घेणाऱ्या भगिनीने, बालशाखेच्या मुख्यशिक्षकाने आणि घरातील आजी-आजोबांनी आठवड्यातील एक गोष्ट या रीतीने सांगावी. आधी स्वतः ती वाचून थांबण्याच्या दोन-तीन जागा ठरवाव्यात. थांबल्यावर मुलाने बांधलेला अंदाज, मग तो झाडीबोलीत असो वा पोवारीत, शेवटपर्यंत ऐकावा. प्रत्येक अंदाजाला 'कशावरून?' विचारावे. अंदाज चुकला तर त्याला चूक म्हणू नये. कोणत्या खुणेने फसवले ते मुलालाच शोधू द्यावे. आणि गोष्ट संपल्यावर तात्पर्य सांगण्याचा मोह एक दिवस आवरावा. दुसऱ्या दिवशी मुलालाच विचारावे, की कालची गोष्ट खरे म्हणजे कशाविषयी होती. रात्रभर ती गोष्ट त्याच्या मनात मुरलेली असेल आणि उत्तर त्याचे स्वतःचे असेल.

भंडाऱ्याचा शेतकरी पऱ्हे टाकतो तेव्हा त्याला ठाऊक असते, की रोप एका जागी उगवते आणि दुसऱ्या बांधीत रोवल्यावर लोंबी धरते. त्या पिकासाठी रोवणीचे कष्ट तो आनंदाने घेतो. गोष्टीचे बियाणे आपल्या घरात मुबलक आहे. ते मुलाच्या स्वतःच्या विचारात रोवण्याचे श्रम घेण्याची सिद्धता तेवढी दाखवावी लागेल.